‘हे सांभाळतात’ : केसपेपरवर न येणारी एक पद्धत

स्त्रीरुग्णाचा केसपेपर लिहिताना ‘संततिनियमनाचे साधन’ या रकान्यात आपण बहुधा चारच उत्तरांची अपेक्षा ठेवतो : गोळ्या, तांबी, निरोध किंवा शस्त्रक्रिया. यांपैकी काही नसेल तर ‘नाही’ असे लिहून पुढील प्रश्नाकडे वळतो. या ‘नाही’मध्ये मोडणारी पुष्कळ जोडपी प्रत्यक्षात काहीतरी करीत असतात. वीर्यपाताच्या क्षणाआधी पुरुषाने योनीतून बाहेर येणे आणि वीर्य बाहेर सोडणे, ही ती पद्धत. पुस्तकांत तिला खंडित समागम म्हणतात. रुग्ण तिला कोणतेच नाव देत नाहीत. पती म्हणतो, ‘आम्ही काळजी घेतो’, आणि पत्नी म्हणते, ‘हे सांभाळतात.’ तालुक्याच्या गावी व्यवसाय करताना हे ‘सांभाळणे’ मी असंख्य वेळा ऐकले. परंतु त्याचा अर्थ मला उशिरा उमगला, आणि त्याचा त्रास माझ्या एका रुग्णेला सोसावा लागला. ती हकिगत आधी सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एक सव्वीस वर्षांची स्त्री सासूबाईंसोबत आली. मूल चौदा महिन्यांचे, अंगावर पिणारे. प्रसूतीनंतर पाळी दोन-तीन वेळा आली होती आणि आता तीन आठवडे चुकली होती. ‘काही साधन वापरता का?’ या प्रश्नाला तिने सासूबाईंकडे पाहून ‘नाही’ म्हटले आणि जाता जाता ‘पण तसं काही नाही, हे सांभाळतात’ अशी पुस्ती जोडली. ‘तसं काही नाही’ याचा अर्थ मी गर्भ राहण्याचा संभव नाही असा घेतला. स्तन्यपान, कृशता, वातप्रकोप, अशी कारणमीमांसा माझ्या मनात तयारच होती. राजःप्रवर्तनी वटी आणि अनुपानास तिळाचा काढा देऊन सात दिवसांनी बोलावले. ती आली तीन आठवड्यांनी, उलट्या होत असताना. मूत्रपरीक्षा केली तर गर्भ. म्हणजे कासीस, हिंग, टंकण आणि कुमारीसार ज्यात आहे, जी गर्भिणीस देऊ नये असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो, ती वटी मी गर्भिणीस दिली होती. त्या जोडप्याने गर्भ ठेवला. मूल निरोगी जन्मले. परंतु मधले सगळे महिने ती स्त्री प्रत्येक भेटीत एकच प्रश्न विचारीत असे, आणि त्याचे निश्चित उत्तर मजजवळ नव्हते. तिचा तो जुना केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेले आहे, ‘साधन : नाही.’

ही पद्धत नोंदीतून निसटते ती केवळ आपल्याच नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ५३.५ टक्के कोणती ना कोणती पद्धत वापरीत होत्या, त्यांपैकी आधुनिक साधने ४७.८ टक्के. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हेच आकडे अनुक्रमे ६६.७ आणि ५६.५ झाले. दोहोंतील वजाबाकी, म्हणजे मुख्यत्वे ‘सुरक्षित दिवस’ आणि खंडित समागम, सहा टक्क्यांच्या आतून दहा टक्क्यांच्या वर गेली. महाराष्ट्रात ही वजाबाकी पुष्कळ लहान आहे, कारण आपल्याकडे दोन मुलांनंतर स्त्रीनसबंदी करून घेण्याची रीत रूढ आहे. परंतु नसबंदीपूर्वीची वर्षे कोण मोजतो? लग्न झाल्यापासून पहिले मूल होईपर्यंत, आणि दोन मुलांतील अंतर राखताना, जोडपी काय करतात? एका खोलीच्या घरात गोळ्यांचे पाकीट ठेवायला जागा नसते, निरोध टाकायचा कुठे हा प्रश्न असतो, तांबीविषयी ‘ती वर सरकते’ अशी समजूत असते. ज्याला पैसे लागत नाहीत, दुकानदारापुढे तोंड उघडावे लागत नाही आणि सासूला कळत नाही, ते ‘सांभाळणे’ तेवढे उरते. आणि ज्याला काही विकत आणावे लागत नाही त्याला रुग्ण ‘साधन’ म्हणतच नाही. म्हणून साधनाविषयी विचारले की तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. शंभर वर्षांपूर्वी मराठीत जे स्वच्छपणे बोलले गेले, ते आपण वैद्य आजही पडद्याआड हलक्या आवाजात विचारतो, किंवा विचारतच नाही.

न विचारण्याहून अधिक गंभीर बाब म्हणजे विचारल्यावर आपण काय सांगतो. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू ही पद्धत ऐकताच शुक्रवेगधारणाचे नाव काढतात. ‘वेग अडवता, म्हणून कंबर दुखते, म्हणून लघवीला जळजळते, पुढे नपुंसकत्व येईल.’ हे सांगताना संहितेचा आधार असल्याचा विश्वास असतो, म्हणून तो आधार नीट पाहणे अवश्य आहे.

चरकांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात ज्या तेरा वेगांचे धारण निषिद्ध मानले त्यांत रेतसाचा वेग आहे. त्याच्या धारणाने शिश्न व वृषण यांच्या ठिकाणी शूल, अंगमर्द, हृदयाच्या ठिकाणी व्यथा व मूत्राचा अवरोध होतो असे ते सांगतात. वाग्भटांनी त्यात ज्वर, शोथ, अश्मरी व षंढता यांची भर घातली आहे. सुश्रुतांनी निदानस्थानात शुक्राश्मरीची जी संप्राप्ती दिली तिच्यात तर मैथुनाचा विघात हे कारण स्पष्टच आहे. पुष्कळांचा युक्तिवाद येथेच थांबतो : खंडित समागम म्हणजे मैथुनविघात, म्हणून शुक्राश्मरी. परंतु सुश्रुतांचे विधान येथे संपत नाही. स्वस्थानातून चळलेले शुक्र बाहेर न पडता विमार्गाने जाते आणि वायू ते मेढ्र व वृषण यांच्यामध्ये साठवितो, असा तो पूर्ण क्रम आहे. व्याधीचे मूळ शुक्र बाहेर न पडण्यात आहे. खंडित समागमात शुक्र बाहेर पडते. ते योनीत पडत नाही एवढेच. वेग उत्पन्न झाला, वेग प्रवृत्त झाला, विसर्ग पूर्ण झाला. मग धारण कोठे झाले? आत झालेला विसर्ग आणि बाहेर झालेला विसर्ग यांत पुरुषशरीराच्या दृष्टीने भेद करण्यास मला तरी शास्त्राधार सापडत नाही.

खरे वेगधारण करणारा रुग्ण वेगळा असतो, आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. काही पुरुष बाहेर न येता मूळापाशी बोटाने नस दाबून धरतात, जेणेकरून वीर्य ‘आतच राहील’ आणि शक्ती वाया जाणार नाही. हे वीर्य मूत्राशयात जाते व पुढच्या लघवीतून निघून जाते. शक्ती वाचत नाही, आणि थोडेफार वीर्य निसटत असल्याने गर्भही टळेल असा भरवसा नाही. अशा रुग्णाला चरक-सुश्रुतांचा इशारा जरूर सांगावा. तो सोडून सांभाळणाऱ्याला सांगणे म्हणजे चुकीच्या घरी नोटीस बजावणे होय.

या भीतीचे मूळ आपल्याच परंपरेत आहे असेही नाही. ‘रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब’ हे वाक्य रुग्ण आपल्याला ऐकवतात आणि आपणही मान डोलावतो. मला ते बृहत्त्रयीत कोठे आढळलेले नाही. लोझानचे डॉक्टर तिसो यांनी १७६० मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेल्या हस्तमैथुनविरोधी पुस्तकाने युरोपभर वीर्यनाशाची धास्ती पसरविली. त्याचे नाव ज्या ओनानवरून पडले, त्याने बायबलातील कथेप्रमाणे हस्तमैथुन नव्हे, तर हीच आपली चर्चेतील पद्धत केली होती! फ्रॉइड यांनीही १८९५ मध्ये खंडित समागमाला चिंताविकाराचे एक कारण ठरविले. म्हणजे आपण रुग्णाला जे ‘आयुर्वेदाचे मत’ म्हणून सांगतो, त्यात पूर्वेचे किती आणि पश्चिमेचे किती, याचा आपल्यालाच पत्ता नसतो. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ज्याला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले, त्या व्याधीचे रुग्ण आपल्या सर्वांकडे येतात. अशक्तता, पाठदुखी, झोप नाही, आणि या सर्वांचे कारण धातू जाणे. एस. टी. स्टँडच्या भिंतींवरील जाहिराती त्यांना घाबरवतात. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा असूनही त्या जाहिराती टिकून आहेत. त्यात आपण पदवीधर वैद्यांनी ‘वेग अडवता म्हणून’ असे म्हटले की त्या भिंतीवरच्या मजकुरावर आपली सहीच होते. सहा वर्षे बाहेर सोडण्याची पद्धत वापरली आणि आता मूल होत नाही, म्हणून स्वतःला दोष देणारे एक जोडपे माझ्याकडे दोन वैद्यांकडून वाजीकरण घेऊन आले होते. या पद्धतीने बीज दूषित होत नाही, शुक्र क्षीण होत नाही. त्या पुरुषाची वीर्यतपासणी कोणीच केली नव्हती. ती केली असता शुक्राणूंची संख्या फारच कमी निघाली, आणि त्याचा सांभाळण्याशी काही संबंध नव्हता. सहा वर्षे आपण सांभाळतो म्हणून गर्भ राहत नाही, असे ते समजत होते. दोष अगोदरपासून असेल तर तो या समजुतीखाली झाकलेला राहिला.

तर मग या पद्धतीविषयी सांगावे काय? जे खरे आहे ते, आणि खरे असे की ती निरुपयोगीही नाही व विश्वासाचीही नाही. अमेरिकेतील पाहणीवर आधारित, जगभर वापरले जाणारे आकडे असे आहेत : काहीच न करणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे पंच्याऐंशींच्या घरी गर्भ राहतो. खंडित समागम करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे वीस. निरोध वापरणाऱ्यांत सुमारे तेरा, आणि तांबी बसविलेल्यांत एकाहूनही कमी. प्रत्येक वेळी, न चुकता, वेळेवर बाहेर येणाऱ्यांत हे प्रमाण वीसवरून चारवर उतरते. या वीस आणि चारमधील अंतर म्हणजे मनुष्यस्वभाव. ज्याला शीघ्रपतनाचा त्रास आहे, जो दारू पिऊन येतो, जो महिन्यातून दोन दिवस घरी येणारा ड्रायव्हर आहे, त्याने ‘सांभाळण्याची’ हमी देणे हे त्याच्या हाती नाही. आणि त्याच्या पत्नीच्या हाती तर काहीच नाही. गोळी तिने घ्यायची असते, तांबी तिला बसते. पण येथे गर्भ तिला राहणार आणि निर्णयाचा क्षण मात्र सर्वस्वी दुसऱ्याचा. संबंधाच्या वेळी ‘आज सांभाळले का?’ हीच चिंता करीत पडून राहणारी स्त्री निद्रानाशाची, योनिकंडूची, अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आपल्याकडे येते. तिला अशोकारिष्ट देण्यापूर्वी ही चिंता विचारून पाहावी.

दुसरा प्रश्न वीर्यपातापूर्वी येणाऱ्या चिकट स्रावाचा. त्यात बीज नसते असे आपण शिकलो. २०११ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सत्तावीस पुरुषांचा असा स्राव तपासला असता अकरा जणांच्या स्रावात शुक्राणू आढळले व दहा जणांत ते हालचाल करणारे होते. नमुना लहान आहे, त्यावरून मोठे सिद्धान्त काढू नयेत. परंतु ‘वेळेवर काढले तर प्रश्नच नाही’ असे छातीठोकपणे सांगण्याची सोय त्याने उरली नाही. दुसऱ्या समागमापूर्वी लघवी करून यावे हा सल्ला देण्यास हरकत नाही, मात्र त्याने निर्धास्त होऊ नये. शिवाय हा स्राव व त्वचेचा स्पर्श यांतून जे जायचे ते जातेच. भावमिश्रांनी वर्णिलेला फिरंग असो, परमा असो वा एच.आय.व्ही., कोणत्याही गुप्तरोगापासून ही पद्धत संरक्षण देत नाही. तेथे निरोधाला पर्याय नाही.

आणखी एका ठिकाणी आपले शास्त्रवचन रुग्णाला अडचणीत आणते. सांभाळणारी जोडपी बहुधा महिनाभर सांभाळत नाहीत. ‘धोक्याचे दिवस’ सांभाळतात. हे दिवस कोणते, असे विचारता आपण ऋतुकाल सांगतो : सुश्रुत-वाग्भटांच्या मते आर्तवदर्शनापासून बारा रात्री, भावप्रकाशाच्या मते सोळा. दिवस संपता कमळ मिटावे तशी त्यानंतर योनी संकोच पावते, हा दृष्टान्तही ओघाने येतो. गर्भ हवा असणाऱ्यांना उद्देशून केलेले हे मार्गदर्शन आहे. गर्भ नको असणाऱ्याने ते उलट करून वाचले की घात होतो. बीज बाहेर पडते ते साधारणतः पुढील पाळीच्या चौदा दिवस आधी. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर चौदाव्या दिवशी, पस्तीस दिवसांची असेल तर एकविसाव्या दिवशी. पुरुषबीज स्त्रीशरीरात पाच दिवस तग धरू शकते. म्हणजे पस्तीस दिवसांच्या पाळीच्या स्त्रीने सोळाव्या दिवसापासून निर्धास्त होणे म्हणजे नेमक्या फलनाच्या दिवसांत सांभाळणे सोडणे. प्रसूतीनंतर पाळी अनियमित असताना तर दिवस मोजण्याला अर्थच नसतो. अंगावर पाजण्याचे संरक्षणही तीन अटी एकत्र असतील तरच धरावे : मूल सहा महिन्यांच्या आतले, पाळी सुरू न झालेली, आणि मुलाला वरचे काहीही नाही. माझी रुग्णा या तिन्ही अटींच्या बाहेर होती, आणि ते तपासण्याची बुद्धी मला झाली नाही.

पाळी चुकल्याची तक्रार घेऊन आलेल्या कोणत्याही प्रजननक्षम स्त्रीला, ती काहीही सांगत असो, मूत्रपरीक्षेपूर्वी आर्तवप्रवर्तक औषध देऊ नये, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो. ती पट्टी स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत उत्तर देते. मात्र पाळी चुकण्याआधी केलेली परीक्षा नकारार्थी आली तर ती आठवड्याने पुन्हा करावी. ‘गरम औषध द्या, पाळी येऊ दे’ ही मागणी स्पष्ट शब्दांत येते तेव्हा तर अधिकच सावध राहावे, कारण ती गर्भपाताची मागणी असते. गर्भपात करण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला नाही. तो ज्यांना आहे त्यांच्याकडे लगेच पाठविणे हे आपले काम. १९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरांचे मत पुरते, आणि स्त्रीने किंवा तिच्या जोडीदाराने वापरलेले ‘साधन किंवा पद्धत’ अयशस्वी ठरणे हे ग्राह्य कारण आहे. तेथे विवाहित असण्याची अट उरली नाही. सांभाळणे ही पद्धतच होय, म्हणून ते केसपेपरवर लिहिलेले असणे रुग्णेच्याही हिताचे. औषधाच्या दुकानातून नवऱ्याने परस्पर आणलेल्या गोळ्यांविषयी मात्र कडक शब्दांत बोलावे. गर्भ गर्भाशयाबाहेर असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो.

पाळी चुकण्याची वाट न पाहता, ‘काल सांभाळता आले नाही’ असे सांगत येणारा रुग्ण विरळा; पण तो आला तर त्याला परत पाठवू नये. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एक गोळी ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते. ती २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. पाच दिवसांच्या आत तांबी बसविली तर ती याहून खात्रीची.

आपल्याकडे याला पर्यायी आयुर्वेदीय योग नाही का, असे विचारले जाते. पिप्पली, विडंग व टंकण यांच्या योगाचा उल्लेख ग्रंथांत आहे आणि केंद्रीय संशोधन परिषदेने त्यावर कामही केले आहे. परंतु राष्ट्रीय कार्यक्रमात त्याला गर्भनिरोधक म्हणून स्थान मिळालेले नाही. त्याच्या भरवशावर एखाद्या स्त्रीला सोडणे मला सयुक्तिक वाटत नाही. लखनऊच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली ‘छाया’ ही गोळी आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळते, आणि दोन्ही स्तनदा मातेला चालतात. इंजेक्शन मात्र प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी. ज्या घरात पाकीट ठेवायला जागा नाही तेथे हे इंजेक्शन पुष्कळ सोयीचे पडते. आणि एवढे सांगूनही जे जोडपे ‘आम्ही सांभाळूच’ म्हणेल, त्याला हिणवू नये. निदान पाळीच्या मधल्या दिवसांत निरोध वापरा, बाहेर येताना वीर्य योनिमुखाजवळ पडू देऊ नका, आणि चूक झाली तर ७२ तास लक्षात ठेवा, एवढे त्याच्या पदरी घालावे.

आपल्या संघटनेचा छापील केसपेपर नव्याने तयार करण्याचा विषय कार्यकारिणीपुढे असल्यास माझी एक सूचना आहे. ‘संततिनियमनाचे साधन’ हा रकाना बदलून तेथे ‘गर्भ राहू नये म्हणून दोघे मिळून काय करता?’ असा प्रश्न घालावा, आणि तो पती-पत्नींना वेगवेगळे बसवून विचारावा. सासूबाईंना त्या वेळी बाहेर बसण्याची विनंती करावी लागते. सुरुवातीला मला ते अवघड जात असे, आता त्या स्वतःच उठतात. प्रश्न अशा शब्दांत विचारू लागल्यापासून माझ्याकडे ‘काही नाही’ हे उत्तर क्वचितच येते. गेल्या महिन्यात एका नवविवाहित तरुणाने बराच वेळ खाली पाहिले आणि विचारले, ‘सर, बाहेर सोडलं तर त्यालापण साधन म्हणायचं का?’ मी होय म्हणालो, लिहिले, आणि मग त्याच्या पत्नीला आत बोलावले.